सेंट्रल पार्कमधली पानगळ नीट पाहायची तर: तारखेपासून परतीच्या ट्रेनपर्यंत

न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटीकडून 'फॉल कलर', म्हणजे पानगळीचे रंग, बघायला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा दिवस बहुधा एकाच पद्धतीने वाया जातो. ऑक्टोबरच्या मध्यावरचा शनिवार धरायचा, घरून जेवून निघायचं आणि दुपारी एक-दीडला ५९व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उतरायचं. तिथे माणसांची रेटारेटी, सायकलरिक्षावाल्यांच्या हाका, आणि झाडं अजून हिरवीगार. तासाभरात मुलांना भूक लागते, आजोबांना स्वच्छतागृह हवं असतं, आणि सगळे एका बाकावर बसकण मारतात. पार्कचा वरचा अर्धा भाग, म्हणजे पानगळीचं खरं वैभव जिथे आहे तो, कुणी पाहिलेलाच नसतो.

हे टाळायला फार काही लागत नाही. तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली, सुरुवात सकाळी, आणि चालायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे. या तीन गोष्टी जमल्या की बाकीचं सावरता येतं. त्यातली एक जरी चुकली तरी दिवसभर त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून खाली सगळं क्रमाने दिलं आहे.

आधी पार्कचा आकार डोक्यात बसवा. दक्षिणेला ५९वी स्ट्रीट, उत्तरेला ११०वी. पूर्वेला फिफ्थ ॲव्हेन्यू, पश्चिमेला सेंट्रल पार्क वेस्ट नावाचा रस्ता. लांबी सुमारे चार किलोमीटर, रुंदी जेमतेम आठशे मीटर, क्षेत्रफळ ८४३ एकर. म्हणजे आडवा तो दहा-पंधरा मिनिटांत ओलांडता येतो, पण उभा पाहायचा तर दिवस लागतो. पाऊलवाटा नागमोडी असल्यामुळे खाली सांगितलेला मार्ग सात-आठ किलोमीटरचा होतो.

१. तारीख ठरवणं

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. न्यूयॉर्क राज्याचे रंगांचे नकाशे सप्टेंबरच्या शेवटापासून व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. ते पाहून लोक धरून चालतात की शहरातही रंग आले. ते नकाशे संपूर्ण राज्याचे असतात. उत्तरेकडच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत रंग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरात येतो. मॅनहॅटन त्याच्या कितीतरी दक्षिणेला, समुद्राकाठी, आणि काँक्रीटने ऊब धरून ठेवलेलं. इथे झाडं उशिरा बदलतात. ऑक्टोबरच्या मध्यावर टुपेलो आणि मेपलची काही झाडं लाल झालेली दिसतील, पण भर येतो तो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. ओकची झाडं त्यानंतरही तांबूस-तपकिरी रंग टिकवून असतात.

निवड करायची असेल तर मी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा धरायला सांगेन. त्यातही शनिवार-रविवारपेक्षा मधला वार कधीही चांगला. मुलांची शाळा आड येत असेल तर शनिवार घ्या, पण सकाळी लवकर निघा.

एक रविवार मात्र पूर्णपणे वगळा, तो म्हणजे नोव्हेंबरचा पहिला. त्या दिवशी न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन असते. धावपटू फिफ्थ ॲव्हेन्यूवरून ९०व्या स्ट्रीटला पार्कात शिरतात आणि शर्यत पश्चिमेकडे, ६७व्या स्ट्रीटजवळ संपते. पार्कचा दक्षिणेकडचा मोठा भाग अडथळे लावून बंद केलेला असतो. आदल्या शनिवारीही पाच किलोमीटरची शर्यत असते, आणि शेवटच्या रेषेभोवतीचे मांडव व कठडे त्याच्याही आधीपासून उभे राहतात. २०२६ मध्ये हा रविवार १ नोव्हेंबरला येतो.

त्याच रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे जातात. त्याचा थेट परिणाम तुमच्या बेतावर होतो. ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, १ नोव्हेंबरला पाचच्याही आधी. नोव्हेंबरच्या मध्यावर साडेचार वाजून गेले की अंधारायला लागतं. दुपारी एकला पोहोचणाऱ्यांच्या हातात फक्त साडेतीन तास उरतात, तेही जेवणाची वेळ धरून.

दिवाळीच्या मागेपुढे बेत करणाऱ्यांसाठी: २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे रंगांच्या ऐन भरात. घरी फराळ झालेला असतोच, तोच डब्यात भरा.

> तपासा: निघण्याच्या दोन दिवस आधी हवामान बघा. पावसापेक्षा वाऱ्याची काळजी करा. एखादा जोराचा वादळी पाऊस झाला की मेपलची पानं एका रात्रीत जमिनीवर येतात. तसा अंदाज असेल तर बेत वादळाच्या नंतर नव्हे, आधी घ्या. ढगाळ हवा मात्र अडचण नाही, ढगाखाली लाल रंग उलट जास्त गडद दिसतो.

२. आदल्या रात्रीची तयारी

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुपारचं तापमान साधारण १३ ते १५ अंश सेल्सिअस असतं आणि सकाळी सहा-सात अंशांपर्यंत उतरतं. भारतातून नुकत्याच आलेल्या आईवडिलांना एक जाड कोट चढवून न्यायचं, ही नेहमीची चूक. चालायला लागल्यावर ते घामाघूम होतात, कोट काढतात, आणि सरोवराकाठच्या वाऱ्यात गारठतात. त्याऐवजी तीन थर करा: आत सुती, मध्ये स्वेटर, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. कान झाकणारी टोपी हवीच. आजीला साडी नेसायची असेल तर खुशाल नेसू द्या, आत थर्मल आणि पायात मोजे-बूट असले की झालं. चप्पल, सँडल नको. ओल्या पानांवरून पाय सरकतो, आणि पार्कातले उघडे खडक तर पानांखाली दिसतही नाहीत.

पाणी घरून न्या. थंडी वाढली की पार्कातले पिण्याच्या पाण्याचे नळ बंद करतात. खाणंही घरचं घ्या: पोळी-भाजीच्या गुंडाळ्या, थालीपीठ, दशम्या, चकली, केळी. पार्कातल्या गाड्यांवर शाकाहारी माणसाला प्रेट्झेल आणि भाजलेले चेस्टनट यांच्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. थर्मासात चहा जरूर घ्या. शेगडी पेटवायला परवानगी नाही. सिगारेट आणि दारूलाही बंदी आहे.

बसायला एक जाड चादर घ्या आणि खाली घालायला प्लास्टिक. सकाळच्या दवाने जमीन अकरा-बारापर्यंत ओली असते. फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते, त्यामुळे पॉवर बँक विसरू नका. पार्कचा नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा.

३. जाणं: सगळा घोळ ट्रेनच्या अक्षरात होतो

गाडी नेऊ नका, हा माझा ठाम सल्ला. ६०व्या स्ट्रीटच्या खाली मॅनहॅटनमध्ये गाडी घातली की जानेवारी २०२५ पासून गर्दीचा टोल लागतो, आणि पार्कजवळचं पार्किंग तर त्याहून महाग. एखाद्याच्या गुडघ्यांमुळे गाडी न्यावीच लागली तर जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवरून वरच्या बाजूने या, म्हणजे टोलच्या हद्दीत शिरावं लागत नाही.

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटची नॉर्थईस्ट कॉरिडॉर गाडी तासाभरात न्यूयॉर्क पेन स्टेशनला सोडते. साडेसातच्या सुमाराची गाडी धरा. तिकीट ॲपवर काढलं असेल तर गाडीत चढण्यापूर्वीच ते सुरू करा, तिकीट तपासनीस समोर आल्यावर नव्हे.

आता लक्ष द्या. पेन स्टेशनला उतरल्यावर एनजे ट्रान्झिटच्या बाजूने सर्वांत जवळ दिसते ती सेव्हन्थ ॲव्हेन्यूची १-२-३ क्रमांकांची सबवे. तिकडे वळू नका. १ नंबरची ट्रेनही १०३व्या स्ट्रीटला थांबते, पण ते स्टेशन ब्रॉडवेवर आहे आणि तिथून पार्क तीन लांबलचक ॲव्हेन्यू दूर. तुम्हाला हवी आहे एट्थ ॲव्हेन्यूच्या बाजूची सी ट्रेन, अपटाऊन म्हणजे उत्तरेकडच्या दिशेची.

तिथेही एक फसगत आहे. ए ट्रेन त्याच मार्गाने जाते, पण ती जलद आहे. ५९व्या स्ट्रीटनंतर ती थेट १२५व्या स्ट्रीटला थांबते. घाईत ए पकडणाऱ्यांचं अख्खं पार्क जमिनीखालून मागे पडतं. ई ट्रेन सी च्याच फलाटावर येते, पण ५०व्या स्ट्रीटनंतर क्वीन्सकडे वळते. म्हणून डब्यावरचं अक्षर वाचल्याशिवाय चढू नका. सी ने आठवा थांबा म्हणजे १०३वी स्ट्रीट.

जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने येणाऱ्यांनी ३३व्या स्ट्रीटला उतरून हेरल्ड स्क्वेअर स्टेशनवरून बी ट्रेन धरावी, तीही १०३ला थांबते. मात्र बी फक्त सोमवार ते शुक्रवार धावते. शनिवार-रविवारी डी घ्या, ५९व्या स्ट्रीटला उतरा आणि तिथून सी धरा.

भाडं बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डाने किंवा फोनने टॅप करून भरता येतं. एकाच कार्डावर चार जणांपर्यंत टॅप करता येतो, एकेक जण आत गेल्यावर पुढचा टॅप करायचा.

> सावधान: १०३व्या स्ट्रीटच्या सबवे स्टेशनला लिफ्ट नाही. ज्यांना जिने नकोत त्यांनी ५९व्या स्ट्रीटला, कोलंबस सर्कलला लिफ्टने वर यावं आणि एम-१० बस धरावी. ती सेंट्रल पार्क वेस्टवरूनच वर जाते, चढताना पायरी खाली करते, आणि त्याच कार्डाने टॅप केल्यास दोन तासांच्या आत वेगळं भाडं लागत नाही.

४. पहिला टप्पा: 'पूल' नावाचं तळं (सकाळी सव्वानऊ ते दहा)

१०३व्या स्ट्रीटला वर आलात की समोर पार्कचं दार, आणि दारातून खाली उतरताच 'पूल' नावाचं छोटं तळं. नावावरून पोहण्याचा तलाव समजू नका. काठावर विलो पाण्यात झुकलेले, मेपल लाल, आणि सायप्रसची एक जात आहे जी सुयांसारखी पानं असूनही पानगळीत विटकरी होऊन झडते. सगळ्या पार्कात रंगांची इतकी दाटी दुसरीकडे कुठे नाही असं माझं मत आहे, आणि बहुतेक पर्यटक इथवर येतच नाहीत.

सकाळीच यायचं कारण ऊन. पूल पार्कच्या पश्चिम कडेला आहे. सकाळी आग्नेयेकडून, मोकळ्या पार्कावरून येणारं ऊन थेट झाडांवर पडतं. दुपार कलली की सेंट्रल पार्क वेस्टवरच्या उंच इमारतींची सावली तळ्यावर सरकते आणि रंग मावळतात. दक्षिणेकडून सुरुवात करून संध्याकाळी दमून इथे पोहोचणाऱ्यांना तेच तळं करडं दिसतं.

फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीमागे हवा, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. माणसांच्या फोटोला ते ठीक. पानांसाठी उलट करा: सूर्य पानांच्या मागे येईल असे उभे राहा. पानांतून ऊन आरपार येतं तेव्हाच पिवळा आणि लाल पेटलेला दिसतो.

आणि भारतात आजीला व्हिडिओ कॉल करायचा असेल तर तो इथूनच करा. घड्याळं मागे गेल्यानंतर आपल्यात आणि भारतात साडेदहा तासांचं अंतर असतं. इथे साडेनऊ म्हणजे पुण्यात रात्रीचे आठ, जेवणं व्हायची असतात. दुपारी पार्कच्या दक्षिण भागातल्या बेथेस्डाच्या कारंज्यावर पोहोचून फोन कराल तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असेल.

५. दुसरा टप्पा: लॉक, आणि मग शेवंती (दहा ते साडेअकरा)

पूलच्या पूर्व टोकाला पाणी खाली पडतं, त्याच्या कडेने दगडी ग्लेन स्पॅन कमानीखालून वाट जाते. पलीकडे 'लॉक' नावाचा ओढा आणि दोन्ही बाजूंनी दाट झाडी. मोटारींचा आवाज इथे जवळजवळ विरतो. हिकरीचा पिवळा, ओकचा तांबडा, मध्येच सॅसाफ्रासचा नारिंगी. छोटे धबधबे आहेत. पुढे हडलस्टोन कमान लागते: मोठमोठे खडक चुन्या-सिमेंटाशिवाय एकमेकांवर रचून केलेली. मुलांना तिथे थांबवून वर बघायला लावा.

या वाटेवर पायऱ्या आणि मातीचे चढ-उतार आहेत. बाबागाडी असेल तर एकाने ओढ्याच्या वाटेने जावं आणि दुसऱ्याने गाडी घेऊन वरच्या डांबरी रस्त्याने. हार्लेम मीर या तळ्यापाशी दोघं भेटा. भेटीची जागा आधीच ठरवा, कारण या दरीत फोनची रेंज दगा देते.

मीरच्या काठाने पूर्वेला गेलात की १०६व्या स्ट्रीटच्या बाजूने कॉन्झर्व्हेटरी गार्डनमध्ये शिरता येतं. त्याचं मोठं लोखंडी दार फिफ्थ ॲव्हेन्यूवर १०५व्या स्ट्रीटला आहे. बागेचे तीन भाग आहेत. घाईत लोक मधली हिरवळ बघतात आणि बाहेर पडतात. तुम्ही उत्तरेकडच्या भागात जा. नाचणाऱ्या तीन मुलींच्या कारंज्याभोवती गोलाकार वाफे आहेत आणि पानगळीत त्यांत शेवंती फुललेली असते. दसरा-दिवाळीला हार-तोरणांत जी शेवंती आपण पाहतो, तिचीच ही भावंडं. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या अगदी सुरुवातीला ती भरात असते, त्यामुळे महिन्याच्या मध्यावर जाणाऱ्यांना थोडी सुकलेली मिळेल.

इथे हिरवळीवर खेळ, सायकल, कुत्री काही चालत नाही. फुलं तोडायची नाहीत हे मुलांना आत शिरण्यापूर्वी सांगा.

> तपासा: इथलं स्वच्छतागृह वापरल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यालाही पाठवा. पुढचं टेनिस कोर्टांजवळ, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासावर, आणि त्यानंतरचं डेलाकोर्ट नाट्यगृहाजवळ. त्याच्याही पुढे शीप मेडो या हिरवळीजवळ मिनरल स्प्रिंग्जला आहे. ही चार ठिकाणं नकाशावर खूण करून ठेवा.

६. तिसरा टप्पा: मोठं सरोवर (साडेअकरा ते साडेबारा)

बागेतून दक्षिणेकडे आठ-नऊ ब्लॉक चाललात की रिझर्व्हॉयर. १०६ एकरांचं पाणी आणि भोवती १.५८ मैलांची धावपट्टी. इथे सगळे चुकतात ते दिशेत. या पट्टीवर घड्याळाच्या उलट दिशेनेच चालायचं, असा नियम आहे आणि तसे फलकही आहेत. दक्षिणेकडे जायचं म्हणून लोक पूर्वेच्या कडेने सरळ खाली चालू लागतात आणि समोरून येणाऱ्या धावपटूंच्या अंगावर जातात. पूर्वेच्या बाजूला चालायची दिशा उत्तरेकडची आहे. म्हणून ईशान्य कोपऱ्यातून पट्टीवर चढा, उत्तरेच्या कडेने पश्चिमेकडे जा, आणि मग पश्चिमेच्या कडेने खाली उतरा. पट्टीचा साधारण अर्धा भाग होतो, सव्वा किलोमीटर. टेनिस कोर्टं याच वाटेवर लागतात.

वसंतात फुलणारी चेरीची झाडं ती या सरोवराकाठचीच. पानगळीतही ती केशरी होतात, हे मात्र फार जणांना माहीत नसतं.

> सावधान: सरोवराकडे जाताना पार्कातला मोठा रस्ता ओलांडावा लागतो. २०१८ पासून तिथे मोटारी नाहीत, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण सायकली आणि बॅटरीच्या सायकली भन्नाट वेगात येतात. पूर्वेच्या रस्त्यावर त्या उत्तरेकडे आणि पश्चिमेच्या रस्त्यावर दक्षिणेकडे जातात. मुलांचा हात धरून, त्या बाजूला पाहूनच ओलांडा. रस्त्यात उभं राहून फोटो काढू नका.

७. जेवण, मग रॅम्बल (साडेबारा ते तीन)

८५व्या स्ट्रीटच्या खाली ग्रेट लॉन ही अफाट हिरवळ आहे. लाल झेंडा किंवा बंदचा फलक असेल तर कुंपण ओलांडू नका. गवताला विश्रांती द्यायची असते, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून ही हिरवळ हिवाळ्यासाठी बंदच होते. मग कडेच्या बाकांवर बसा. एक सूचना: गिंको झाडाची पिवळीधमक पंख्यासारखी पानं बघून त्याखाली चादर अंथरू नका. मादी झाडाची फळं खाली पडून चिरडली की असह्य वास येतो, आणि त्यांचा गर हाताला लागला तर काहींच्या त्वचेला खाज सुटते.

जेवण झाल्यावर डेलाकोर्ट नाट्यगृहाच्या बाजूने वर चढा. शेक्सपिअर गार्डनमधून बेल्व्हेडिअर कॅसलवर पोहोचाल. तिथून मागे वळून पाहिलं की टर्टल पाँड, ग्रेट लॉन आणि पलीकडची झाडी एका नजरेत येते. इथे घाई करू नका. आपण सकाळपासून किती चाललो हे सगळ्यांना इथेच कळतं.

कॅसलच्या दक्षिणेला उतरलात की रॅम्बल. ३६ एकरांचं हे रान मुद्दाम गुंतागुंतीच्या वाटांनी केलेलं आहे, आणि फोनचा नकाशा इथे नेहमी बरोबर वाट दाखवत नाही. त्यासाठी दिव्यांचे खांब वाचायला शिका. प्रत्येक खांबावर चार आकड्यांचा क्रमांक असतो. या भागात पहिले दोन आकडे जवळची स्ट्रीट सांगतात. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पार्कच्या पूर्वेकडच्या भागात, विषम असेल तर पश्चिमेकडच्या. समजा खांबावर ७५३२ लिहिलं आहे: म्हणजे ७५वी स्ट्रीट, पूर्व बाजू. पुढच्या खांबावर पहिले आकडे ७६ झाले तर तुम्ही उलट, उत्तरेकडे चालला आहात. मुलांना हे शिकवा, ते मोठ्या उत्साहाने वाट काढतात. कुणी पडलं-झडलं आणि ९११ला फोन करावा लागला तर हाच क्रमांक सांगा, मदत नेमकी तिथे येते.

टुपेलो मेडो नावाच्या मोकळ्या जागेतलं अनेक खोडांचं जुनं टुपेलो शोधा. ते लवकर लाल होतं, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये त्याची पानं खाली पसरलेली मिळतील. पानं उधळून खेळायला हरकत नाही. फोटोत पानांचा पाऊस हवा म्हणून फांद्या मात्र हलवू नका. या रानात पक्षी बघणारे लोक दुर्बिणी लावून तासन् तास शांत उभे असतात, त्यांच्या जवळून जाताना आवाज जरा खाली आणा.

८. शेवटचा टप्पा: बो ब्रिज, कारंजं आणि एल्मची रांग (तीन ते चार)

रॅम्बलमधून दक्षिणेला बाहेर पडताना बो ब्रिज लागतो. तलावावरचा हा पांढरट लोखंडी पूल दिवसभर लग्नाच्या फोटोंनी भरलेला असतो. पुलावर ताटकळू नका. पलीकडे उतरून काठावरून पुलाकडे बघा, पाण्यातलं झाडांचं प्रतिबिंब तिथूनच मिळतं.

काठाने पूर्वेला बेथेस्डा टेरेस. कारंज्यासमोरच्या कमानींखाली शिरून छत बघा, हजारो रंगीत फरशा बसवल्या आहेत. बऱ्याचदा कुणीतरी गात असतं. टेरेसच्या जिन्याने वर आलात की 'मॉल'. हे दुकानांचं ठिकाण नव्हे. ही अमेरिकन एल्मच्या चार रांगांची सरळ वाट आहे. एल्मच्या रोगाने या देशातली बहुतेक एल्म गेली. इथली राहिली ती काळजीने सांभाळल्यामुळे, आणि उत्तर अमेरिकेत उरलेल्या मोठ्या एल्मराईंपैकी ही एक आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात डोक्यावर सोनेरी मांडव घातल्यासारखी ती दिसते. उशीर झाला असेल तर आधीचा कुठलाही टप्पा आखडता घ्या, पण उजेड असताना ही वाट चाला.

> सावधान: याच भागात सायकलरिक्षावाले गाठतात. त्यांचा दर मिनिटावर असतो, आणि तो फलकावर लिहिलेला असणं बंधनकारक आहे. सांगताना आकडा लहान वाटतो, वीस मिनिटांनी तो पूर्ण कुटुंबाच्या जेवणाइतका होतो. बसायचंच असेल तर दर मिनिटाचा भाव, एकूण मिनिटं आणि शेवटची रक्कम आधी ठरवा. घड्याळ चालू होताना स्वतः बघा.

अंतर झेपत नसेल तर

सात-आठ किलोमीटर सगळ्यांना जमतीलच असं नाही, आणि ज्येष्ठांना ओढत नेण्यात काहीच अर्थ नाही. अशा वेळी मधला भाग गाळा. 'पूल' तळं आणि त्याच्या काठचा थोडा परिसर आरामात बघा, परत १०३व्या स्ट्रीटला या, डाऊनटाऊन, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्या, सी ट्रेनने किंवा एम-१० बसने ७२व्या स्ट्रीटला उतरा. तिथून आत शिरून बेथेस्डा आणि मॉल. चालणं अडीच-तीन किलोमीटरवर येतं आणि दोन सर्वांत सुंदर जागा तरीही पाहून होतात. शेवंती हवी असेल तर मात्र ती पूलच्या आसपास नाही, पार्क ओलांडून फिफ्थ ॲव्हेन्यूकडे जावं लागेल, हे धरून चाला.

मध्येच कुणाचे पाय थकले तर सरोवरानंतर ८६व्या आणि कॅसलनंतर ८१व्या स्ट्रीटला सी ट्रेनची स्टेशनं आहेत. दोन्ही पश्चिमेच्या कडेला.

९. परतीचा प्रवास

मॉलच्या दक्षिण टोकापासून नैर्ऋत्येला चालत गेलात की पंधरा-वीस मिनिटांत कोलंबस सर्कल. अंगात बळ उरलं असेल तर आग्नेय कोपऱ्यातल्या तळ्यावरचा गॅपस्टो ब्रिज बघायला हरकत नाही, पण दक्षिणेकडच्या गगनचुंबी इमारतींची सावली इथे लवकर पडते, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका.

कोलंबस सर्कलहून डाऊनटाऊन ए किंवा सी, कोणतीही घ्या. सकाळी चुकवायची ती ए आता चालते, उलट लवकर पोहोचवते. ३४व्या स्ट्रीटला उतरून पेन स्टेशन. साडेचार ते साडेसहा ही कामावरून परतणाऱ्यांची वेळ. मधल्या वारी गेला असाल तर आधीचे टप्पे आखडते घेऊन सव्वाचारपर्यंत स्टेशनात असा, किंवा सरळ जेवून सातनंतरची गाडी धरा. गाडी कोणत्या फलाटावर येणार हे पाटीवर अगदी शेवटच्या काही मिनिटांत लागतं आणि सगळी गर्दी एकदम पळते. मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर पाटीखाली उभे राहा, एकाने फोनवर एनजे ट्रान्झिटचं ॲप उघडं ठेवा, आणि चढताना ती गाडी एडिसनला थांबते ना, हे पाटीवर वाचून घ्या. जलद गाड्या थांबत नाहीत.